लिहायचं डोळा, म्हणायचं डोया

पहाटे मलकापूरला उतरलो तेव्हा फलाटावर कडाक्याची थंडी होती. डिसेंबरचा शेवटचा आठवडा. बरोबर माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी होती. ती चार वर्षांपासून बार्सेलोनात नोकरी करते. नाताळच्या सुट्टीत घरी आली आणि आल्या आल्या तिने एकच हट्ट धरला, "मावशी, मला आजीच्या माहेरी जायचंय. आजीसारखं बोलणारी माणसं अजून आहेत का तिथं, ते ऐकायचंय."

तिची आजी म्हणजे माझी आई. बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखली तालुक्यातली. लग्न होऊन पुण्याला आली आणि पुण्यातच गेली. मधल्या पन्नास वर्षांत तिने दोन प्रकारचं मराठी बोलून काढलं, एक शेजारणींशी आणि एक आमच्याशी.

स्टँडवर चहा घेतला. जिल्ह्याच्या गावाचं नाव तिथल्या एका पाटीवर 'बुलढाणा' होतं आणि दुसऱ्या पाटीवर 'बुलडाणा'. भाचीने दोन्ही पाट्यांचे फोटो घेतले. तेवढ्यात गाडी लागली आणि कंडक्टरने आवाज दिला, "मोताया, राजूर, बुल्डाना! चाला चाला, मागं सरका हो!"

"मोताया?" भाचीने विचारलं.

मी गाडीच्या कपाळावरची पाटी दाखवली. तिच्यावर 'मोताळा' लिहिलं होतं.

तिने पिशवीतून एक वही काढली. तिची ही वही मी घरी पाहिली होती. प्रत्येक पानावर मधोमध उभी रेघ, डावीकडे 'लिहितात', उजवीकडे 'म्हणतात'. कॅटलान भाषा शिकायला लागली त्या दिवसापासून ती ही वही ठेवते. बार्सेलोनात स्पॅनिशवर काम भागतं. पण ज्या लोकांत राहायचं त्यांची भाषा यायला हवी म्हणून ती संध्याकाळच्या वर्गाला जाते. पहिल्याच महिन्यात तिच्या लक्षात आलं की पुस्तकातली कॅटलान आणि रस्त्यावरची कॅटलान यांत अंतर आहे. पुरुषाचं नाव लिहायचं जोआन, म्हणायचं झुआन. कारण आघात नसलेला 'ओ' तिथे 'उ' होतो. 'रस्ता' या अर्थाचा शब्द लिहायचा 'कर्रेर', म्हणायचा 'करे'. शेवटचा 'र' कागदावरच राहतो. आघात नसलेले 'ए' आणि 'आ' दोन्ही आपल्या ऱ्हस्व 'अ'सारखे ऐकू येतात. म्हणून तिथला माणूस आपल्या शहराचं नाव जवळजवळ 'बर्सलोनं' असं घेतो.

त्याच वहीत तिने एक नवं पान काढलं आणि लिहिलं, मोताळा, मोताया. बुलढाणा, बुल्डाना.

मलकापूरहून गाडी निघाली की दोन्ही बाजूंना पूर्णेच्या खोऱ्याची काळी जमीन दिसते. कापसाची शेवटची वेचणी चालू होती. बायका ओटी बांधून ओळीने वाकल्या होत्या. मोताळ्याच्या पुढे राजूर घाट लागतो आणि गाडी अजिंठ्याच्या डोंगररांगेवर चढते. या जिल्ह्यातली माणसं स्वतःची ओळखच 'घाटावरचा' आणि 'घाटाखालचा' अशी सांगतात. मलकापूर, मोताळा, नांदुरा, शेगाव, खामगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर घाटाखाली. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा घाटावर. एकूण तेरा तालुके. मलकापूरकडच्या बोलण्यात खानदेशचा सूर मिसळलेला, देऊळगाव राजाकडे मराठवाड्याचा. मधे वऱ्हाडी. बुलढाणा हे नाव मूळच्या 'भिलठाणा'वरून आलं असं सांगतात. ते खरं धरलं तर हे नाव पिढ्यान् पिढ्या तोंडातून फिरत घडलंय, आणि कागद त्याच्यामागून चालत आलाय. पाट्यांवरचा 'ढ' आणि 'ड' त्या चालण्यातच मागेपुढे झालेला दिसतो.

बुलढाण्याहून चिखलीला आलो आणि तिथून गावापर्यंत रिक्षाने गेलो. मामी ओट्यावर उन्हात बसली होती. ऐंशी ओलांडलेली. मला पाहून उठायला लागली.

"ये व माय, ये. किती वायली व तू! काहून नाई येत इकडं? मामा गेला म्हनून आजोय तुटलं का?"

भाची माझ्याकडे पाहत राहिली. वाळली, वायली. आजोळ, आजोय. तिच्या आजीचा आवाज पाच वर्षांनी तिच्या कानावर पडत होता.

घरात शिरलो तर स्वयंपाकघरात 'ळ' असलेले सगळे शब्द असे बदललेले. पोळपाटाचा पोयपाट, गुळाचा गूय, डाळीची दाय. कळण्याची भाकर म्हणजे ज्वारीत उडीद घालून दळलेल्या पिठाची. ती इथे कयन्याची भाकर. 'ण'ही इथे टिकत नाही. पाणी म्हणजे पानी, लोणी म्हणजे लोनी. 'मला' म्हणजे मले, 'तुला' म्हणजे तुले, 'माझं' म्हणजे माहं. भाचीची वही भरत चालली. मामीने तव्यावरची भाकर निखाऱ्यावर टेकवली, फुगली तशी उचलून तिच्या ताटात टाकली आणि म्हणाली, "लिवनं मंग. आंधी गरम गरम खाय."

'ळ' म्हणताना जिभेचं टोक मागे वळून टाळ्याला लागतं आणि खाली सुटतं. 'य' म्हणताना जीभ वळतच नाही, मधला भाग थोडा उचलला की झालं. एवढाच फरक. वऱ्हाडात आणि खानदेशात डोळ्याचा डोया होतो. कोकण किनाऱ्यावर आगरी-कोळ्यांच्या तोंडी डोला होतो. भंडारा-गोंदियाकडच्या झाडीबोलीत डोरा होतो. एकाच 'ळ'ला महाराष्ट्राने तीन दिशांना तीन वाटा दिल्या आहेत आणि सगळेच पाटीवर, पुस्तकात, सातबाऱ्यावर 'ळ'च लिहितात.

हे मला आज मोकळेपणाने लिहिता येतं. लहानपणी येत नव्हतं. चौथीत असताना 'माझी आजी' हा निबंध होता. मी लिहिलं, 'आजीचे डोये घारे आहेत.' वर्गात ते वाक्य मोठ्याने वाचलं गेलं. 'मराठी जशी बोलतात तशीच लिहितात, मग हे कुठलं मराठी?' असा प्रश्न मला विचारला गेला आणि वर्ग हसला. घरी येऊन मी आईला सांगितलं, "तू असं बोलत जाऊ नकोस." आईने काही उत्तर दिलं नाही. त्यानंतर तिच्या तोंडून 'ळ' काळजीपूर्वक यायला लागला. ताप आला की मात्र ती माझ्या कपाळावर हात ठेवून म्हणायची, "डोये मीट बरं." तेवढ्यापुरता तिचा 'य' परत यायचा. ती माझी चूक होती. ती मी तिला कधी बोलून दाखवली नाही, म्हणून इथे लिहिते.

आणि 'बोलतात तशीच लिहितात' हे विधान पुण्याच्या मराठीलाही लागू पडत नाही, हे समजायला मला पुढची तीस वर्षं मराठी शिकवावं लागलं. 'चार गाई चार' हे वाक्य मोठ्याने म्हणून पाहा. पहिल्या 'चार'मधला 'च' टाळ्यावरचा, दुसऱ्यातला दातांच्या मुळाशी. अक्षर एकच. 'जगात नीट जग' यातल्या दोन 'ज'चंही तेच. 'चिंच' या दोन अक्षरांच्या शब्दात दोन वेगळे 'च' आहेत. 'माझा' आणि 'माझी' यांतला 'झ' एक नाही. 'ज्ञान' हा शब्द आपण द्न्यान म्हणतो, हिंदी माणूस ग्यान म्हणतो. लिहितो दोघेही सारखंच. 'सिंह' वाचताना अनुस्वाराच्या जागी 'व'सारखा आवाज येतो. घरात वाढलेल्या मुलाला हे कुणी शिकवत नाही, म्हणून त्याला ते दिसत नाही. परक्या माणसाला मराठी शिकवायला बसलं की पहिल्याच तासाला दिसतं.

लेखनाचे नियमही काही आकाशातून पडलेले नाहीत. नांव, कांहीं, केंव्हां असं पूर्वी लिहीत. 1962 साली मराठी साहित्य महामंडळाने केलेले नियम शासनाने स्वीकारले आणि ज्यांचा उच्चार होत नाही ते अनुस्वार लिखाणातून गेले. म्हणजे बोलण्याच्या मागे लेखन आणणं शक्य असतं आणि आपण ते केलं आहे. सगळ्यांच्या बोलण्यामागे एकच लेखन आणायचं तर काय, हा खरा प्रश्न आहे. कारण मग कुणाच्या बोलण्यामागे?

त्या रात्री मामीच्या ओसरीवर भाचीने मला कॅटलानचं उत्तर सांगितलं. बार्सेलोना, व्हॅलेन्सिया आणि मायोर्का बेट, तिन्हीकडचं बोलणं वेगळं. पोम्पेउ फाब्रा नावाचा माणूस, शिक्षणाने इंजिनिअर, व्याकरणात रमलेला. त्याच्या पुढाकाराने 1913 साली बार्सेलोनाच्या कॅटलान अभ्यास संस्थेने शुद्धलेखनाचे नियम काढले. नियम करताना एकट्या बार्सेलोनाचा उच्चार धरलेला नाही. शेवटचा 'र' बार्सेलोनात गळतो, पण व्हॅलेन्सियात बऱ्याच ठिकाणी उच्चारला जातो. म्हणून तो लिहायचा. आघात नसलेला 'ओ' बार्सेलोनात 'उ' होतो, पण व्हॅलेन्सियात 'ओ'च राहतो. म्हणून 'ओ' लिहायचा. प्रत्येकाने आपल्या तोंडाने वाचावं. पुढे 1939 नंतर हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत ही भाषा शाळांतून आणि कचेऱ्यांतून हद्दपार झाली. त्यामुळे घरात आयुष्यभर कॅटलान बोललेली, पण तिच्यात साधं पत्र लिहिता न येणारी माणसं त्या पिढीत खूप होती. भाचीच्या घरमालकीणबाई त्यांपैकीच. सत्तरी उलटल्यावर त्या लिहायला शिकल्या.

"आणि मावशी, हे बघ." तिने वहीचं जुनं पान उघडलं. डोळ्याला कॅटलानमध्ये एक छोटासा शब्द आहे. बार्सेलोनात त्याचा उच्चार 'उल्य'च्या जवळचा. मायोर्कात त्यातला 'ल्य' वितळून 'य' उरतो आणि बेटावरचे लोक म्हणतात 'उय'. लिहिताना मात्र दोघांचंही स्पेलिंग एक. उजव्या रकान्यात 'उय' लिहून तिने पुढे पेन्सिलीने टीप केली होती, 'आजीचे डोये'.

भूमध्य समुद्रातल्या बेटावर डोळा या अर्थाच्या शब्दात 'ल'च्या जातीचा आवाज 'य' झाला आणि चिखलीच्या मामीच्या तोंडीही तेच झालं. या दोन ठिकाणांचा एकमेकांशी काही संबंध नाही. जिभेचा आहे. टाळ्याला लावायची जीभ सैल सुटली की 'य' उरतो, मग ती जीभ कुठल्याही देशातली असो. याला आळस म्हणा, अशुद्ध म्हणा, गावंढळ म्हणा. भाषा जगभर अशाच बदलत आल्या आहेत.

दुसऱ्या दिवशी मेहकरमार्गे लोणारला गेलो. मेहकर हे ना. घ. देशपांड्यांचं गाव. वकिली इथेच केली, कविता इथेच लिहिल्या. त्यांच्या पहिल्या संग्रहाचं नाव 'शीळ'. गाडीतून जाताना भाचीने विचारलं, "म्हणजे इथं तिला शीय म्हणत असतील?" शेजारी बसलेल्या आजोबांनी लगेच मान हलवली, "हाव. शीयच म्हनते."

लोणारच्या सरोवराच्या काठावर उभं राहिलं की पहिल्यांदा आकार डोळ्यांत मावत नाही. बसाल्टच्या खडकात उल्का आदळून पडलेला सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचा वाटोळा खड्डा, तळाशी खारं पाणी. लवण म्हणजे मीठ. त्या लवणाचं प्राकृतात लोण झालं. गावाचं नाव त्याच्याशी जोडतात, लवणासुराची कथाही इथलीच. लिहिताना लोणार, बोलताना लोनार. गावात दैत्यसूदनाचं कोरीव देऊळ आहे, ते निवांत पाहावं असं आहे.

पण मला लोणारला आठवण झाली ती दुसऱ्याच गोष्टीची. महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी या भागात फिरले, लोणारचा उल्लेख लीळाचरित्रात आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी रचलेला हा ग्रंथ. त्याच्या नावातच माझं उत्तर होतं. संस्कृतात शब्द आहे लीला. मराठीने त्याचा केला लीळा. फल होतं त्याचं फळ केलं, कमल होतं त्याचं कमळ, काल होता त्याचा काळ. त्या काळच्या एखाद्या पंडिताच्या कानाला हा 'ळ' किती ओबडधोबड वाटला असेल! तरी चक्रधरस्वामींचे शिष्य नागदेवाचार्य यांनी संस्कृतात लिहू पाहणाऱ्या आपल्या शिष्यांना मराठीतच लिहायला लावलं, कारण स्वामी लोकांशी त्या भाषेत बोलले होते. आज तोच 'ळ' आपल्याला शुद्ध वाटतो आणि त्याच्या पुढचं पाऊल, फळाचं फय, अशुद्ध वाटतं. 'ल'चा 'ळ' झाला तो संस्कार आणि 'ळ'चा 'य' झाला तो बिघाड, असं म्हणायला भाषेत कसलाही आधार नाही. दोन्ही एकाच वाटेवरची पावलं आहेत.

लोणारहून परतीचा रात्रीचा मुक्काम पुन्हा मामीकडे होता. त्या संध्याकाळी जे पाहिलं त्यासाठी हा सगळा प्रवास केला असं मला वाटतं.

मामीच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन महिन्यापूर्वी झालं होतं. तिची पणती सातवीत आहे. दिव्याखाली बसून ती मराठीचा धडा मोठ्याने वाचत होती. शब्द सुटे, उच्चार स्वच्छ. 'डोळे' आलं, 'आभाळ' आलं, 'वेळ' आली, सगळीकडे तिची जीभ नीट वळत होती. कुठे अडखळली नाही. धडा संपला. पुस्तक मिटलं. देव्हाऱ्याशेजारच्या फळीवरची औषधाची छोटी बाटली तिने हातात घेतली, टोपण काढलं आणि पणजीजवळ गुडघ्यांवर बसली.

"आजी, मान वर कर. डोया उघडा ठेव. मिटू नको."

थेंब पडला. मामीने पापणी मिटली. मुलीने पणजीच्या पदराच्या टोकाने गालावरचं ओघळलेलं औषध टिपलं.

"दुसरा डोया."

पुस्तकातला डोळा आणि पणजीचा डोया यांच्यामध्ये त्या मुलीला एक श्वास घेण्याइतकंही थांबावं लागलं नाही. भाचीला जे वहीत रेघ मारून, वर्गाची फी भरून शिकावं लागतं ते या मुलीला सहज येत होतं. मी तिला विचारलं, "शाळेत कधी डोया म्हणालीस तर?" ती म्हणाली, "बाई काई नाई म्हनत. त्या म्हनते, लिवताना ळ लिवा."

मी त्या बाईंना भेटले नाही, पण त्यांना माझा नमस्कार आहे.

परतताना खामगावावरून शेगावला आलो. खामगाव हे पुरुषोत्तम बोरकरांचं गाव. त्यांची 'मेड इन इंडिया' ही कादंबरी वऱ्हाडीतच उभी आहे. सदानंद देशमुखांची 'बारोमास' या जिल्ह्याच्या मातीतली, तिला 2004 सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिच्यातली माणसं इथल्या माणसांसारखी बोलतात म्हणून ती खरी वाटतात. छापील पानावर आलेली बोली वाचायला आधी अवघड जाते. मोठ्याने वाचली की सुटते, हा माझा वर्गातला अनुभव आहे.

शेगावला गजानन महाराजांचं दर्शन घेतलं, स्टेशनजवळ गरम कचोरी घेतली आणि गाडीची वाट पाहत बसलो. उत्तरेला सातपुडा आहे. त्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोद तालुक्यात, निहाली नावाची भाषा बोलणाऱ्या वस्त्या आहेत. जगातल्या कुठल्याही भाषाकुळाशी तिचं नातं अजून पक्कं जुळलेलं नाही आणि तिला स्वतःची लिपी नाही. तिथे फक्त उजवा रकाना आहे. म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेने 2014 साली के. एस. नागराज यांचं त्या भाषेवरचं पुस्तक काढलं, त्यात तिचे शब्द कागदावर आले आहेत. वऱ्हाडी त्या मानाने भाग्याची आहे. तिला लिपी आहे, लेखक आहेत, आणि डेक्कन कॉलेजने केलेल्या मराठीच्या बोलींच्या सर्वेक्षणात लोकांचे आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवले गेले आहेत. तिला उणीव आहे ती मानाची. शहरात शिकायला गेलेला मुलगा घरी फोन करताना बाजूला जाऊन हळू आवाजात बोलतो, ते थांबलं पाहिजे.

माझं म्हणणं साधं आहे. लेखन सगळ्यांचं एक असावं. चिखलीच्या मुलीने लिहिलेलं सावंतवाडीच्या मुलाला वाचता यावं, यासाठी 'डोळा' असाच लिहावा आणि तो लिहायला प्रत्येक मुलाला नीट शिकवावं. उच्चार मात्र ज्याचा त्याचा राहू द्यावा. शिक्षकांना माझी विनंती आहे: एखाद्या वहीत 'डोये' दिसलं तर त्यावर काट मारू नका. शेजारी 'डोळे' लिहा आणि दोन्ही ठेवा. दोन शब्द येणारं मूल एक शब्द येणाऱ्या मुलापेक्षा मागे नसतं.

आणि तुमच्या घरात आजी-आजोबा असतील, त्यांच्या तोंडी असा एखादा शब्द असेल, तर तो आजच त्यांच्याकडून ऐका आणि लिहून ठेवा. मी माझ्या आईला उशिरापर्यंत विचारलं नाही. भाचीच्या वहीतलं ते पान आता भरलं आहे. त्यात डाव्या बाजूला त्र्याहत्तर शब्द आहेत आणि उजव्या बाजूला त्र्याहत्तर. पहिला शब्द मोताळा आहे, शेवटचा डोळा.